हंगामात गायब होणाऱ्यानं कोणता ऑनलाइन आरपीजी धरावा?

पहिलेच सांगून देतो, मी काही युट्यूबवर गेम दाखवणारा माणूस नाही. दारव्हा तालुक्यात सात एकर वावर आहे, पऱ्हाटी, तूर, एका तुकड्यात सोयाबीन, आणि दिवसा एका कृषी केंद्रात काउंटरवर असतो. अमरावतीला होस्टेलवर होतो तेव्हा ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन नेटवर दुसऱ्या लोकांसोबत ते वाढवत न्यायचे गेम, रात्र रात्र खेळून काढल्या, सकाळचं लेक्चर कसं असते ते माहीत नव्हतं. गावात आलो आणि तो वेळ संपला, आता रात्री साडेनऊ ते साडेदहा असा एक तास भेटते, तोही रोज नाही.

तरी चार वर्षं गेम निवडायचो तो होस्टेलच्या डोक्यानंच. सगळ्यात भारी कोणता दिसते, सगळे कोणता खेळून राहिले, तो उतरवला. उन्हाळ्यात जोरात खेळलो, गिल्डमध्ये (खेळाडूंचा कायमचा गट) ओळखी झाल्या, मंग मृग लागला, दुकानात बियाण्याची गर्दी, घरी पेरणी, आणि गेम जो सुटला तो डायरेक्ट पोळ्याले उघडला. तर गिल्डमधून नाव काढलेलं, दोन महिने खपून जमवलेली तलवार नव्या अपडेटमध्ये भंगारच्या भावात, आणि सोबतचे पोट्टे इतके पुढं गेलेले की मला कोणी सोबत घेईना. असं एकदा नाही, तीनदा झालं (त्या गेमचं नाव घेत नाही, चूक माझ्या निवडीची होती).

म्हणून आता माझा हिशोब उलटा आहे. गेम चांगला का वाईट हे नंतर, आपण नसताना तो आपल्याशी कसा वागते हे आधी पाहायचं. ज्याच्या मागं वावर आहे, दुकान आहे, लहान लेकरू आहे किंवा परीक्षा आहे, त्याच्यासाठी खाली सगळं क्रमानं लिहून देतो.

सुरू करायच्या आधी जवळ काय पाहिजे

- फोन किंवा कॉम्प्युटर, आणि त्यात खरंच रिकामी जागा. लग्नाचे व्हिडिओ आधी दुसरीकडं टाका.
- गेमसाठी वेगळा ईमेल, आणि त्याचा पासवर्ड कागदावर. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, आणि सिम बदलायचं असेल तर आधी नवीन नंबर तिथं टाका. माझ्या मावसभावानं सिम बदललं आणि सहा महिन्यांचं खातं गेलं.
- पॉवर बँक.
- एक वही. हसू नका, पुढं कामी येते.

१. वेळ घड्याळात मोजू नका, कॅलेंडरात मोजा

"मला रोज एक तास आहे" हे वाक्य आपल्याकडं खोटं असते. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि महिन्या-महिन्यावर लिहा. माझं असं निघालं: जून शून्य. जुलै-ऑगस्टात डवरणी, निंदण, फवारणी, रात्री जेवता जेवता डोळे लागतात, म्हणजे अर्धा तास पकडा. पोळा ते दसरा बरा वेळ. मंग सोयाबीनची सोंगणी, थ्रेशरचा नंबर लावणं, कापसाची वेचणी, तूर, जानेवारीपर्यंत काही खरं नाही. फेब्रुवारी-मार्च मधातला. आणि एप्रिल-मे म्हणजे आपली चांदी, दुपारी ४४-४५ डिग्रीत कुत्रंही बाहेर निघत नाही, बारा ते चार मोकळे.

आता या तासांचे प्रकार पाडा. एक सलग तास, दार लावून बसता येते असा. दुसरा तुटका तास, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नसताना, किंवा हरभऱ्याले ओलीत चालू असताना विहिरीवर बसून, दर वीस मिनिटांनी उठून बारं फिरवायचं. तिसरा जागलीचा. ज्यांच्या वावरात रानडुक्कर आणि रोही येतात त्यांना माहीत आहे, मचाणावर बसलेला माणूस एका हातात बॅटरी धरून असते, म्हणजे गेम एका अंगठ्यानं चालला पाहिजे आणि आवाज बंद करून चालला पाहिजे.

तुमचा जास्तीचा वेळ या तिघांपैकी कोणता आहे ते आधी ठरवा. माझा तुटका होता, आणि मी सलगवाले गेम उतरवत बसलो होतो.

२. "डीपी गेली" परीक्षा

खेळता खेळता लाइन गेली, वायफाय बसलं, नाहीतर आईनं आवाज दिला, तर काय होते? तीन प्रकार दिसतात.

काही गेममध्ये काहीच होत नाही. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये झाड तोडत होतात, मासे धरत होतात, फोन खिशात टाकला, थोड्या वेळानं गेम स्वतःच तुम्हाला बाहेर काढते, सामान जिथल्या तिथं. मारामारीच्या मधात गेलात तर मात्र मेलात समजा, तेव्हा रेंज एक कांडी दाखवत असेल तर वाघासिंहाच्या नादी लागू नका, झाडं तोडा.

दुसरा प्रकार, तुमचं नुकसान होते. आल्बियन ऑनलाइनच्या लाल आणि काळ्या भागात दुसऱ्या खेळाडूनं मारलं तर अंगावरचं सगळं तो घेऊन जाते. तिथं मधातच नेट गेलं तर वाटसरूनं बैलजोडी सोडून नेल्यासारखं होते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, दुसऱ्याचं नुकसान होते. फायनल फँटसी १४ मध्ये डंजनले (राक्षसांनी भरलेली जागा, गटानं पार करायची) चार जण लागतात, मोठ्या लढाईत आठ किंवा चोवीस. तुम्ही मधातून सोडून गेलात तर बाकीचे अडकतात आणि तुम्हाला नवीन गट शोधाले ३० मिनिटांची बंदी लागते. आता ज्याच्याकडं एकच तास आहे त्याचा अर्धा तास असा गेला तर राहिलं काय. तरी या गेमनं एक सोय केली आहे, मुख्य कथेतले चार जणांचे डंजन गेमच्याच पात्रांना सोबत घेऊन करता येतात, खऱ्या माणसांची वाट पाहा लागत नाही. तुटका तासवाल्यानं तीच वाट धरावी.

३. "दोन महिने गायब" परीक्षा

या परीक्षेत बहुतेक गेम फेल होतात, आणि याच्याबद्दल टॉप टेनवाले व्हिडिओ बोलत नाहीत, कारण ते लोक कधी गायबच होत नाहीत.

आरपीजीमध्ये ताकद दोन तऱ्हेनं वाढते. एक शिडीसारखी. दर काही महिन्यांनी वरती नवीन पायऱ्या लावतात, जुनं हत्यार जुनं होते, सगळे वर चढतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा २००४ पासूनचा गेम या जातीचा, नवा भाग आला की आधीचं गिअर (हत्यारं-चिलखत) मागं पडते. परत येणाऱ्याले पटकन वर ओढायची सोय ते देतात, नाही असं नाही, पण सारखं पळतच राहा लागते.

दुसरी तऱ्हा वावरासारखी, आडवी पसरणारी. गिल्ड वॉर्स २ घ्या. २०१२ मध्ये आला तेव्हा शेवटची लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. एकदा चांगलं गिअर केलं की ते वर्षानुवर्षं चालते, नवीन भागात नवीन जागा, नवीन वाहनं, नवीन कसब येते, पण तुमची तलवार भंगार होत नाही. मी दिवाळीत सोडून संक्रांतीले आलो तर जिथं उभा होतो तिथंच, तितकाच तगडा. मला हा गेम कळला त्या दिवशी आधीच्या चार वर्षांचा राग आला.

काही ठिकाणी गायब राहायची शिक्षा स्पष्ट लिहून ठेवलेली असते, ती वाचा. फायनल फँटसी १४ मध्ये स्वतःचं घर घेता येते, पण ४५ दिवस त्या घरात पाय ठेवला नाही तर घर पाडून टाकतात. सोंगणी ते तूर धरली तर आपलं घर दरवर्षी पडणार. मंग घेऊच नका ना, कथा खेळा, घराचा नाद सोडा.

गेन्शिन इम्पॅक्टची तऱ्हा वेगळी. तिथं रेझिन नावाची शिदोरी असते, दर ८ मिनिटांनी एक भरते आणि २०० झाली की थांबते. हिशोब करा, १६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटांत टाकी फुल, त्याच्यानंतरचं पाणी वाहून गेलं. डोक्यात सारखं टिकटिक होते की टाकी भरली असेल, मोटर बंद करा. त्यात ठरावीक दिवसांचे कार्यक्रम आणि ठरावीक आठवड्यांपुरतीच भेटणारी पात्रं. पण इमानानं सांगायचं तर दोन महिने नाही खेळला तर तुमची पात्रं काही कमजोर होत नाहीत, आणि गेम मुख्यतः एकट्याचा आहे, म्हणून कोणी पुढं गेलं आणि तुम्ही मागं राहिले असं होत नाही. ज्याले ती टिकटिक कानाआड करता येते त्याच्यासाठी पास. मला येत नाही. मी मोटरवाला माणूस आहे.

आणि एक विचित्र नमुना, ईव्ह ऑनलाइन, अंतराळातल्या जहाजांचा, २००३ चा. तिथं कसब शिकाले लावून गेम बंद करून झोपाचं, तुम्ही नसताना शिकणं चालू राहते, पेरून आल्यासारखं. ऐकाले लय गोड वाटते. पण तो गेम शिकणं म्हणजे सातबाऱ्याची भानगड सोडवण्याइतकं किचकट, जहाज फुटलं तर फुटलं, आणि सर्व्हर (ज्या कॉम्प्युटरवरून गेम चालते तो) रोज आपल्या दुपारी साडेचारच्या सुमारास थोडा वेळ बंद होते. पैसे न भरणाऱ्यांना शिकायची रांगही छोटीच लावता येते, म्हणजे दोन महिन्यांचं पेरून जाता येत नाही. नवख्यानं याच्यापासून सुरुवात करू नये.

४. रिसेटची वेळ आपल्या घड्याळात लिहून ठेवा

रोजची कामं नवीन होतात ती वेळ, आपल्या घड्याळानं:

- गिल्ड वॉर्स २: पहाटे ५:३०
- फायनल फँटसी १४: रोजची रात्री ८:३०, आठवड्याची मंगळवारी दुपारी १:३०
- गेन्शिन, आशिया सर्व्हर: रात्री १:३०

याचा फायदा पाहा. फायनल फँटसीत रात्री ८ ते ९ खेळलं तर एकाच बैठकीत कालचंही काम होते आणि आजचंही. गेन्शिनमध्ये "सकाळी करू" म्हटलं तर कालचं गेलेलं असते.

आणि युरोपातल्या गिल्डनं "रात्री ८ ले रेड" (मोठ्या गटाची लढाई) लिहिलं तर हुरळून हो म्हणू नका. जर्मनी-पोलंडकडचे रात्रीचे ८ म्हणजे आपले हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. मी एकदा हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात युरियाच्या जागी डीएपीचं बिल फाडलं.

५. आता कोणाला काय, नावं घेऊन

जागलवाला, तुटका तासवाला, साधा फोनवाला: डोळे मिटून ओल्ड स्कूल रुनस्केप. दिसाले जुनाट आहे, मुळातच २००७ चा गेम २०१३ मध्ये पुन्हा चालू केलेला, चित्रं अशी की घरातले म्हणतात हे काय पोराटोरांचं. पण २०१८ पासून फोनवर आहे, तेच खातं कॉम्प्युटरवरही चालते, फुकटचा भाग कायम फुकट. धीर मात्र पाहिजे. एका कसबात शेवटची लेव्हल ९९, आणि ९२ ले पोचलात म्हणजे अनुभवाच्या हिशोबानं फक्त अर्धं झालं, हे ऐकून माझा चुलतभाऊ म्हणे, "बे भाऊ, याच्यापेक्षा मी खरोखरची झाडं तोडतो ना, मजुरी तरी भेटन." त्याचं बरोबर आहे, पण विहिरीवर रात्री दोन वाजता मजुरी कोण देते.

सलग तास आणि कॉम्प्युटर असेल तर गिल्ड वॉर्स २. मूळ गेम २०१५ पासून फुकट, महिन्याची फी कधीच नव्हती. फुकट खात्यावर बोलण्या-विकण्यावर थोडे निर्बंध आहेत, नवख्याला जाणवत नाहीत. सर्व्हर अमेरिका आणि युरोपात आहेत, म्हणून बटण दाबल्यावर किंचित उशीर वाटते, चालून जाते. मोठे राक्षस ठरलेल्या वेळापत्रकानं निघतात, एसटीसारखे, फक्त हे खरंच वेळेवर येतात. वीस मिनिटं आहेत तर एक राक्षस मारा आणि झोपा.

गोष्ट आवडणाऱ्यासाठी, सिरियल पाहिल्यासारखं रोज एक एपिसोड, असं पाहिजे असेल तर फायनल फँटसी १४ ची फुकट ट्रायल. लेव्हल ७० पर्यंत, पहिले दोन मोठे भाग धरून, दिवसांची मर्यादा नाही. ट्रायलमध्ये गिल्डमध्ये जाता येत नाही, बाजारात विकता येत नाही. लोक रडतात यावर, मी म्हणतो आपल्याले हेच पाहिजे, नाहीतर बाजारातच रात्र जाते. ट्रॅप एकच, एकदा विकत घेतला की त्या खात्यावर परत ट्रायलवर येता येत नाही, मंग महिन्याची फी चालू. उन्हाळ्यातल्या जोशात विकत घेऊ नका.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन याच्याबद्दल थोडक्यात: २०१५ पासून महिन्याची फी बंधनकारक नाही, आणि २०१६ नंतर कुठल्याही भागात कुठल्याही लेव्हलनं फिरता येते, म्हणून नवीन-जुने सोबत खेळू शकतात. चांगला आहे, पण उतरवाले इतका मोठा की आमच्या नेटवर मी हात जोडले.

आल्बियन फोनवर छान चालते, २०२३ पासून आशियाचा वेगळा सर्व्हर आहे. सगळं सामान खेळाडूच बनवतात आणि विकतात, ज्याले मंडीचा भाव लावणं आवडते त्याले मजा येईल. त्यात स्वतःचं बेट घेऊन गाजर पेरता येते. मी पेरलं. दिवसभर वावरात राबून रात्री फोनवर पुन्हा पाणी द्याले बसलो, बायकोनं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली.

सर्व्हर निवडताना घाई करू नका. गेन्शिन, आल्बियन यांच्यात एका सर्व्हरवरचं पात्र दुसऱ्यावर नेता येत नाही. आधी दोस्ताले विचारा तो कुठं आहे.

६. फोन आणि डेटा

एमएमओ, म्हणजे असे पुष्कळ जणांचे ऑनलाइन गेम, खेळाले डेटा कमी लागते, व्हिडिओ पाहण्यापेक्षा पुष्कळ कमी. खरा घास घेते ते डाउनलोड आणि अपडेट. गेन्शिनसारखा गेम वीस जीबीच्या वर जाते, म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक असेल तर दहा दिवस नुसतं उतरवणं, आणि उतरून झालं की अपडेट तयार. तालुक्याच्या गावी कोणाकडं फायबर असेल तर तिथं बसून उतरवा, चहा पाजा त्याले. ऑटो अपडेट बंद ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली जड गेम लावला तर फोन इस्त्रीसारखा तापते, कव्हर काढून खेळा, आणि चार्जिंगला लावून तर मुळीच नाही.

७. पैसे

पहिले तीन महिने एक रुपया टाकायचा नाही. माझा नियम आहे, ज्यानं मला सोंगणीनंतर परत बोलावलं त्यालाच पैसे.

- महिन्याची फी घेतलीच तर युपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून पाहा. हंगामात गेम बंद आणि पैसे कटणं चालू, असं माझ्या एका दोस्ताचं पाच महिने चाललं.
- स्टीमवरून (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पण गेमचा लाँचर (गेम सुरू करून देणारी खिडकी) उघडा ठेवून आत डाउनलोड चालू असेल तर तोही वेळ मोजल्या जाते.
- पात्र काढाले चिठ्ठ्या उचलणं, ज्याले गाचा म्हणतात, ते मटक्याचंच भावंड आहे. हात लावायचा नाही.
- ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये गेममधल्या सोन्यानं बाँड घेऊन सदस्यत्व भरता येते. एका तासवाल्यानं याच्या मागं लागू नये, दुसरी नोकरी होते ती.
- "गोल्ड विकतो, लेव्हल वाढवून देतो" असे मेसेज आले की ब्लॉक. पैसे जातात, वरून गेमवाले खातं बंद करतात. आणि खेळून पैसे कमवा म्हणणारे वेगळेच, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आहे.

८. दोन गेम, दहा रात्री, मंग एक

वरच्या परीक्षांमधून दोनच गेम निवडा. पाच रात्री एक, पाच रात्री दुसरा. आता ती वही काढा. रोज झोपाच्या आधी दोन ओळी: किती मिनिटं खरं खेळलो, किती मिनिटं मेनू, लोडिंग, वाट पाहणं यात गेले. मी लिहिलं तेव्हा एका गेममध्ये साठपैकी पस्तीस मिनिटं सामान इकडून तिकडं ठेवण्यात गेलेली निघाली. आणि तिसरी एक ओळ, दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या तो गेम आठवला का? आठवला म्हणजे ठीक. "आजचं डेली (रोजचं काम) राहिलं" असं आठवलं तर मात्र तो गेम नाही, उधारी आहे.

मंग एक ठेवा, दुसरा डिलीट. दोन सांभाळू म्हणणारे दोन्हीकडं लेव्हल दहावरच राहतात, मी राहिलो होतो. ठेवलेल्या गेममध्ये निघायच्या आधी वहीत लिहा: कुठं उभा आहे, कोणतं काम चालू आहे, कोणती चावी कशासाठी. दोन महिन्यांनी आल्यावर ही एक ओळ नसली तर पहिला अख्खा तास "मी कोण, हे काय" यातच जाते.

९. गिल्डमध्ये जायच्या आधी

गिल्ड पाहिजेच असं नाही, पण एकट्यानं काही दिवसांनी कंटाळा येते. जायच्या आधी एकच प्रश्न विचारा, किती दिवस नाही आलं तर काढता? पुष्कळ ठिकाणी तीस दिवस सांगतात, तिथं नमस्कार करून बाहेर. नोकरी-लेकरंबाळंवाल्या मोठ्या माणसांचे गिल्ड असतात, ते शोधा. फोन नंबर, फोटो कोणाला देऊ नका, पोरींनी तर आवाजाच्या चॅटवर जायच्या आधी दहा दिवस नुसतं लिहून बोलावं आणि माणसं कशी आहेत ते पाहावं.

आणि गायब व्हायच्या आधी सांगून जा. मला इंग्रजी काही खास येत नाही, मागच्या वर्षी दसऱ्याले गिल्डच्या चॅटवर तीनच शब्द टाकले, फार्मर, हार्वेस्ट, जानेवारी. मला वाटलं हसतील. पोलंडचा एक जण आहे, आमच्यात सगळ्यात मोठा खेळाडू, त्यानं लिहिलं की तो स्वतः आत्ताच तीन आठवड्यांनी आला, त्याच्याकडं बटाटे काढणं चालू होतं, आणि विचारलं, कापसाले यंदा भाव काय आहे.